तारीख न देणारे रावसाहेब

रावसाहेब न्यायाधीश म्हणून आमच्या कोर्टात बदलून आले आणि वर्षभरात भोरच्या वकिलांच्या घरी माणसं मरेनाशी झाली.

त्याआधी फार मरत. कुणाची आत्या, कुणाचे मावससासरे, कुणाच्या साडूचे वडील. दावा सुनावणीला निघायचा, वकिलांनी कागदांची दोरीसुद्धा सोडलेली नसायची, की सकाळी अकराच्या सुमाराला एखादा नातेवाईक दगावे आणि पुढची तारीख मिळे. संस्थानाच्या काळापासूनची ही रीत. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, दारावरची पाटी बदलली होती, पण तारखा मात्र जुन्याच राहिल्या होत्या. ऐसपैस, ऋतुमानाप्रमाणे. ‘दिवाळीनंतर बघू’ असं साक्षात न्यायाधीश म्हणत.

रावसाहेब खानदेशाकडून आले. उंच, काटकुळे, बंद गळ्याचा काळा कोट, चालताना पुढे झुकलेले, जणू समोरून वारा आहे. आल्याच्या आठवड्यात त्यांनी एक लांबट वही घातली. वकिलाचं नाव, नातेवाईक, वारल्याचा दिवस. काही महिने ते कुणालाच काही बोलले नाहीत. नुसतं लिहून ठेवलं. मग एके दिवशी अण्णा वकील उभे राहिले. अण्णा म्हणजे आमच्या गावचे सगळ्यात जुने वकील, मनाने उदार, कामात सुस्त.

“रावसाहेब, आमच्या आत्याबाई काल...”

रावसाहेबांनी वही उघडली, बोट फिरवलं. “त्या पौषात वारल्या होत्या.”

“त्या थोरल्या.”

“थोरल्या पौषात. धाकट्या माघात.”

अण्णा कागदांची दोरी सोडत म्हणाले, “मग चालू द्या.”

मी त्या कोर्टात रोजनामा लिहीत असे. कोर्टात दिवसभरात काय घडलं, कोण हजर, कोण गैरहजर, कुठला अर्ज मंजूर, कुठला नामंजूर, याची नोंद म्हणजे रोजनामा. माझ्या नोकरीला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती, दोन मुलं होती, पण रावसाहेबांनी माझं नाव कधी घेतलं नाही. ते माणसाला त्याच्या कामानेच हाक मारत. मी ‘अहो रोजनामा’. आमच्या हिला बाजारात भेटले तर हात जोडून विचारत, “काय, रोजनाम्यांच्या मंडळी, बरं आहे ना?” पहिल्यांदा ही घरी येऊन हसत सुटली. पुढे शेजारणीही तेच म्हणायला लागल्या, तेव्हा हसणं थांबलं.

कुणी तारीख मागितली की रावसाहेबांचा एकच प्रश्न असे. “आज काय वाईट आहे?” आजच्यात वाईट काही नसायचंच.

हे वेड कोर्टापुरतं असतं तर समजण्यासारखं होतं. पण त्यांना एस्टीच्या थांब्यावर थांबणंही जमत नसे. पुण्याला जायचं असलं की थांब्यावर येत, मिनिटभर रस्त्याकडे बघत, आणि चालायला लागत. एस्टी मागून येई, ड्रायव्हरला माहीत असे, तो वाटेत गाडी थांबवून त्यांना उचली. कधी दोन मैलांवर, कधी पाच मैलांवर. एकदा गाडी रद्द झाली होती. त्या दिवशी रावसाहेब कापूरहोळच्या अलीकडे एका आंब्याखाली बसलेले दिसले, असं बैलगाडीवाल्याने येऊन सांगितलं. “नुसते बसलेत की काय?” आम्ही आश्चर्याने विचारलं. “न्हाई,” तो म्हणाला, “पायतानातला खडा काढत हुते.”

मुलीच्या लग्नाला मुहूर्त निवडताना भटजींना त्यांनी सांगितलं, कोर्ट उठल्यानंतरचा बघा. गोरज मुहूर्त निघाला. अंतरपाट धरलेला आणि वधूपिता काळ्या कोटात मांडवात शिरतोय, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या पत्नी, आम्ही काकू म्हणायचो, फार सोसणाऱ्या. एकदा आमच्या हिला म्हणाल्या, “आमच्याकडे पाहुण्यांना ‘पुन्हा या’ म्हणायचीसुद्धा चोरी. हे लगेच विचारतात, आज काय राहिलं?”

हिवतापाने सगळं भोर आडवं झालं होतं त्या पावसाळ्यात रावसाहेब घोंगडी पांघरून कोर्टात बसले. दातावर दात आपटत होते. पिंजऱ्यात सारोळ्याचा एक शेतकरी साक्ष देत होता. त्यालाच राहवेना. “सायेब, तुमी जरा पडा की. म्या थांबतो.”

“तुम्ही बोला,” रावसाहेब म्हणाले. “थंडी मला वाजतेय, तुम्हाला नाही.”

आता सगुणाबाईंचा दावा सांगतो. रावसाहेब म्हटलं की भोरमधली माणसं अजून वही आणि घोंगडी सांगून हसतात. मला आधी तो दावा आठवतो.

विंझरच्या वर डोंगरात धनगरांची चार-पाच घरं होती. म्हशी, शेरडं, थोडी नाचणी. सगुणाबाई तिथली, विधवा, पन्नाशीच्या आतबाहेर. वस्तीपासून थोडं खाली एक झरा होता, बारमाही. त्या झऱ्याची वाट एका खालच्या गावच्या शेतकऱ्याच्या रानातून जायची. त्याने त्या वाटेवर काटेरी कुंपण घातलं, आणि सगुणाबाईंनी आपल्या रानातून जनावरं नेऊ नयेत म्हणून मनाईचा दावा लावला. तोही काही दुष्ट माणूस नव्हता. म्हशी त्याची नाचणी तुडवत होत्या हे खरं होतं. सगुणाबाईंचं म्हणणं, वाट आमच्या आज्यापणज्यापासूनची आहे. त्यांचे वकील अण्णा.

सुनावणी श्रावणात निघाली. तीन दिवस पाऊस कोसळत होता. अकरा वाजता वादी आपल्या दोन साक्षीदारांना घेऊन हजर. तो शहाणा, दोन दिवस आधीच उतरून नसरापूरला पाहुण्यांकडे राहिलेला. सगुणाबाईंचा पत्ता नाही.

अण्णा उठले. “रावसाहेब, प्रतिवादी अजून पोचलेली नाही. ओढ्यांना पाणी आहे. दुपारपर्यंत थांबावं, एवढीच विनंती.”

रावसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे आत्या नाही, ओढा. सुधारणा आहे.”

कोर्टात हशा झाला. मीही हसलो.

“रावसाहेब,” अण्णा म्हणाले, “या वेळी खरंच.”

यावर तर वादीसुद्धा हसला. अण्णांनी लेखी अर्ज दिला, रावसाहेबांनी त्यावर ‘नामंजूर’ लिहिलं आणि तो माझ्याकडे सरकवला. पट्टेवाल्याने व्हरांड्यात जाऊन तीनदा सगुणाबाईंच्या नावाचा पुकारा केला. पागोळ्यांच्या आवाजात तो फाटकापर्यंतही गेला नसेल. वादीची साक्ष झाली, त्याच्या साक्षीदारांची झाली. अण्णांनी उलटतपासणी केली, पण विचारणार काय? झरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एक वाजता निकाल झाला. सगुणाबाईंनी त्या वाटेने जनावरं नेऊ नयेत.

अडीच वाजता दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. सगुणाबाई आणि त्यांचा हात धरून एक अगदी म्हातारा माणूस. त्यांचे थोरले दीर. डोक्यावर इरली होती, तरी दोघंही छातीपर्यंत भिजलेले. म्हाताऱ्याचे पाय थरथरत होते, म्हणून पट्टेवाल्याने नियम मोडून त्याला बाकावर बसवलं.

“माजा पुकारा झाला का?” सगुणाबाईंनी विचारलं.

“झाला,” रावसाहेब म्हणाले. “निकालही झाला.”

“मी न्हाई तरी?”

“तुमचे वकील होते.”

सगुणाबाईंनी अण्णांकडे पाहिलं. “त्येंनी कवा पायलाय झरा?” मग पुन्हा रावसाहेबांकडे वळून, भांडणाचा सूर न लावता, नुसतं घडलेलं सांगावं तसं त्या म्हणाल्या, “काल सकाळी निघालो सायेब. ओढा काय उतरंना. मग डोंगराच्या अंगानं लांबनं फिरून, वर छातीएवढं पानी हुतं तिथनं ओलांडून आलो. भावजींना चालवत न्हाई, पर त्येंनीच सगळं पायलंय. वाट त्येंलाच ठावं.”

रावसाहेब बराच वेळ त्या बाकाकडे पाहत होते. मग म्हणाले, “दिलेला निकाल मला फिरवता येत नाही, बाई. वरच्या कोर्टाला फिरवता येतो.” आणि माझ्याकडे वळून, “अहो रोजनामा, लिहा. अडीच वाजता प्रतिवादी साक्षीदारासह हजर. ओढ्याच्या पाण्यामुळे उशीर झाल्याचं सांगते. अंगावरचे कपडे ओले.”

मी हळूच म्हणालो, “रावसाहेब, दावा निकालात निघालाय. आता त्यात हे लिहायचं कारण...”

“मी पाहिलंय ना? मग लिहा. आणि कपडे छातीपर्यंत ओले, असं लिहा.”

मी लिहिलं. ती ओळ पुढे कुणावर उलटणार हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं.

अण्णांनी अपील केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं काम जीव लावून केलं असं त्यांचा कारकूनच सांगे. तारीख नाकारली म्हणून केलेलं हे अपील, आणि वरच्या कोर्टात त्यालाच सहा-सात तारखा पडल्या. दीड वर्ष गेलं. मग एका सकाळी टपालाने निकाल आला. रावसाहेब तो घेऊन आपल्या खोलीत बसले. अकरा वाजले. पट्टेवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, मग ते बंद पडलं की काय म्हणून जवळ जाऊन कान लावला. अकरा वाजून दहा मिनिटांनी रावसाहेब बाहेर आले आणि खुर्चीत बसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही पक्षांना बोलावलं. निकाल इंग्रजीत होता. रावसाहेब मला म्हणाले, “मराठीत सांगा. मोठ्याने. बाईंना कळलं पाहिजे.”

मी उभा राहून सांगू लागलो. तारीख द्यायची की नाही हे खालच्या न्यायाधीशाने ठरवायचं असतं, त्यात वरचं कोर्ट सहसा पडत नाही. पण त्याने ते समोरचं कारण तपासून ठरवलं पाहिजे. इथे मागितला होता तो अर्धा दिवस. तो दिला असता तर वादीचं काही बिघडत नव्हतं. कारण खरं होतं हे त्याच कोर्टाच्या रोजनाम्यावरून दिसतं. सबब निकाल रद्द, दावा पुन्हा चालवावा.

मी कागद खाली ठेवला.

“एक वाक्य गाळलंत,” रावसाहेब म्हणाले.

“नजरचुकीने, रावसाहेब.”

“तिसऱ्या पानावर. खालून चौथी ओळ.”

मला ते वाचावं लागलं. ‘खालच्या न्यायाधीशांनी वकिलावरचा राग पक्षकारावर काढला, असं खेदाने म्हणावं लागतं.’ माझा आवाज बारीक झाला होता. रावसाहेब म्हणाले, “ऐकू आलं नाही मागे.” मी पुन्हा वाचलं.

मग त्यांनी सगुणाबाईंना विचारलं, “तुम्हाला कधी सोयीचं पडेल?” असा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला आम्ही ऐकला नव्हता.

“आजच घ्या की सायेब,” सगुणाबाई म्हणाल्या. “आले हाय तर.”

रावसाहेबांचा चेहरा उजळला. पण तेवढ्यात वादीचे वकील उठले. त्यांनी वरच्या कोर्टाचा तोच निकाल हातात धरला होता. म्हणाले, तयारीला पंधरा दिवस हवेत. रावसाहेबांनी एकदा त्या कागदाकडे पाहिलं, एकदा वकिलांकडे. ‘आज काय वाईट आहे’ हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं. “दिले,” म्हणाले. अण्णांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, “मी इतकी वर्षं आत्या मारल्या, आणि हा नुसता उभा राहून पंधरा दिवस घेऊन गेला.”

पंधरा दिवसांनी अण्णा उभे राहिले ते खाली मान घालून. “रावसाहेब, प्रतिवादीचा मुख्य साक्षीदार, तिचा थोरला दीर... मागच्या माघात वारला.”

कुणी हसलं नाही. वही टेबलावरच होती. रावसाहेबांनी तिला हात लावला नाही. ते म्हणाले, “मग मला जागा बघायला गेलं पाहिजे.”

आम्ही विंझरपर्यंत एस्टीने गेलो. वर जायला बैलगाडी सांगून ठेवली होती. ती पाच मिनिटं दिसली नाही, तेव्हा रावसाहेब चालायला लागले. त्यांच्या मागे वादी, अण्णा, वादीचे वकील, आणि दौत-टाक, कागद सांभाळत मी. चैत्राचं ऊन. गाडी मागून आलीच नाही. दुसऱ्या चढाला अण्णा खाली बसले आणि म्हणाले, “मला इथेच पुरा. वहीत नोंद तेवढी करा.” रावसाहेब हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

झऱ्याशी पोचलो. वस्तीवरून येणारी वाट खडकातून उतरत होती. खडक खुरांनी झिजून मधे खोलगट झाला होता, जुन्या पाट्यासारखा. ती वाट वादीच्या रानापाशी आली आणि म्हशी ओलांडतील इतक्या बुटक्या दगडी तालीखाली गेली. ताल म्हणजे माती वाहून जाऊ नये म्हणून उतारावर रचलेली भिंत. रावसाहेब तालीच्या पलीकडे उतरले. तिथेही तोच झिजलेला खडक, थेट झऱ्यापर्यंत.

“ही ताल कुणी घातली?” त्यांनी वादीला विचारलं.

“माज्या बापानं,” वादी अभिमानाने म्हणाला. मग त्याची नजर खडकावर गेली, तालीवर गेली. वाट तालीच्या खालून जात होती. ताल वाटेवर रचलेली होती.

रावसाहेब मला म्हणाले, “नकाशा काढा.”

तोवर सगुणाबाई वरून ताकाचा तांब्या घेऊन आल्या. आमच्या घशाला कोरड पडली होती. रावसाहेबांनी हात जोडले. “बाई, दाव्यातल्या माणसाच्या घरचं मला घेता येत नाही.”

“आसं व्हय,” त्या जरा दुखावल्या. “मग झऱ्याचं पानी घ्या. ते तर कुनाच्या घरचं न्हाई.”

रावसाहेबांनी झऱ्याकडे पाहिलं. पाणी खडकातून गार, स्वच्छ झिरपत होतं. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. “भांडण त्याच पाण्यापाशी जाण्याचं आहे,” ते म्हणाले. “तेही नको.”

साहेबच पीत नाही म्हटल्यावर वकील पिईनात. वकील पिईनात म्हटल्यावर मी पिईना. वादीसुद्धा पिईना, तो तर रोज तेच पाणी पीत असणार. झऱ्याच्या काठाला आम्ही पाच पुरुष कोरड्या तोंडाने उभे होतो आणि सगुणाबाई आमच्याकडे बघत होत्या. शेवटी तांब्या उचलून त्या म्हणाल्या, “शिकल्याली मानसं लई अवघड,” आणि ताक स्वतःच पिऊन टाकलं.

उतरताना रावसाहेब आणि मी पुढे होतो. एकाएकी ते म्हणाले, “माझ्या वडिलांचा एक दावा होता. बांधाचा. दर तारखेला भाकरी बांधून घेऊन जायचे. मी मॅट्रिकला असताना लागला तो दावा, माझी वकिली सुरू झाल्यावर निकाल झाला. त्यांच्या बाजूने झाला. तेव्हा ते नव्हते.” दुसरा चढ उतरून झाला. मग ते म्हणाले, “मला वाटायचं, थांबणं हाच अन्याय. दुसरा कुठला असतो हे लक्षातच आलं नाही.”

निकाल त्यांनी आठ दिवसांनी वाचला. वाट जुनी आहे, ती मोकळी करावी. वादीने हवं तर दोन्ही अंगांना कुंपण घालावं, म्हणजे त्याची नाचणीही राहील. वादीने मान डोलावली. ताल आपण स्वतः उघडून देऊ म्हणाला. त्यालाही त्या खडकानंतर फारसा जोर राहिला नव्हता.

एवढ्यावर काम संपलं होतं. पण रावसाहेबांनी कागद बाजूला केले. “बाई,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. तुमचे दीर इथे त्या बाकावर बसले होते, आणि मी त्यांना ऐकलं नाही. चुकलं माझं.” बोलता बोलता ते उभे राहिले होते. न्यायाधीश उभे राहिले म्हटल्यावर कोर्ट उठलं असं समजून वकील उभे राहिले, वादी उभा राहिला, मी टाक हातात घेऊन उभा राहिलो, पट्टेवाला ताठ झाला.

सगुणाबाई पिंजऱ्याजवळच होत्या. म्हणाल्या, “दोन उन्हाळं म्हशी पार मागल्या खोऱ्यात न्हेल्या सायेब पान्याला. एक कड्यावरनं गेली. भावजी शेवटपातुर इचारत हुते, मला कवा बोलावत्यात म्हनून.”

टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकून रावसाहेब उभेच होते. त्यांना बसायचं सुचत नव्हतं आणि ते बसत नाहीत तोवर आम्हा कुणाला हलता येत नव्हतं. सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे.

“बसा आता सायेब,” त्या म्हणाल्या. “तुमी उभं ऱ्हायला की ही समदी उभी ऱ्हात्यात.”

रावसाहेब बसले. मग आम्ही बसलो.